टक्... खट्! जुन्या सिग्नलच्या पेटीत लोकांना एवढं काय सापडतं?

अमेरिकेत काही हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये गाडीशेजारी चक्क चालू ट्रॅफिक सिग्नल असतो. आणि त्यांचा जीव दिव्यांपेक्षाही अडकलेला असतो तो ते दिवे चालवणाऱ्या लोखंडी पेटीत.

पेटी उघडली की आत एक तबकडी मोटारीवर सावकाश फिरताना दिसते. तिच्या कडेला खाचा आणि खाचांमध्ये खुंट्या. खुंटी ठरलेल्या जागी आली की स्विच दाबला जातो, ‘खट्’ आवाज होतो आणि आतला दांडा एक घर पुढे सरकतो. कोणता दिवा लागणार आणि कोणता विझणार, हे त्या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात. हिरवा थोडा वाढवायचाय? खुंटी काढा, पुढच्या खाचेत लावा. झालं सॉफ्टवेअर अपडेट! सकाळची गर्दी, दुपार आणि संध्याकाळ यांची वेळापत्रकं वेगळी हवी असतील, तर तीन तबकड्या.

१९७० नंतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले आणि या पेट्या हळूहळू भंगारात गेल्या.

मग हे फक्त जुन्याचं वेड आहे का? पूर्णपणे नाही. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या वायरलेस सिग्नल यंत्रणेत शिरून दाखवलं होतं. रेडिओ संदेशांना एन्क्रिप्शन नव्हतं आणि पासवर्ड कंपनीने दिलेलेच होते. तबकडीच्या पेटीत असं दुरून शिरता येत नाही. बिघाडही बऱ्याचदा डोळ्यांनी दिसतो.

पण तबकडी आंधळी असते. रस्ता रिकामा असला तरी रात्री दोन वाजता ती तुम्हाला लाल दाखवून थांबवणारच. त्यामुळे ती पुन्हा चौकात आणा, असं कुणी म्हणत असेल तर तो निव्वळ हट्ट आहे.

मेलबर्नची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. चार्ल्स मार्शल यांनी १९३६ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘मार्शलाइट’ सिग्नलवर घड्याळासारखा काटा होता. तो लाल-हिरव्या पट्ट्यांवरून फिरायचा, त्यामुळे किती वेळ उरलाय ते लांबूनच कळायचं. मुंबई-पुण्यात आपण आज ज्या आकड्यांकडे बघत इंजिन बंद करतो, तीच ही सोय.

आता गर्दी बघून वेळ बदलणारे ‘स्मार्ट’ सिग्नल येतायत. त्यांचा हिरवा नेमका कधी संपणार, हे आधीपासून पक्कं नसतं. म्हणून अशा सिग्नलवर उलटे आकडे दाखवणं अवघड होऊन बसतं. काट्यापुढे हा प्रश्नच नव्हता, कारण त्याचा वेग ठरलेला होता.