ॲस्क्विथसाहेबांचे दोन झगे

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आली की गावोगावच्या शाळांतून भाषणे होतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव घ्या. हा मुलूख लोकमान्यांच्या हयातीत निजामाच्या अमलाखाली होता. ज्या मुंबई हायकोर्टाने त्यांना शिक्षा ठोठावल्या, त्याचा हुकूमही येथे चालत नव्हता. तरीही शेंगांची टरफले, केसरीचा अग्रलेख आणि मंडालेचा तुरुंग येथल्या मुलांना मुखोद्गत असतात. स्ट्रॅची आणि दावर या न्यायमूर्तींची नावेही एखादा हुशार विद्यार्थी सांगेल. एक नाव मात्र त्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. ते नाव हर्बर्ट हेन्री ॲस्क्विथ यांचे. ते विस्मरणात गेले म्हणूनच, 'काही म्हणा, इंग्रजाने आपल्याला कायद्याचे राज्य दिले', हे पालुपद आपल्या विद्वानांना आजही निःसंकोचपणे आळवता येते.

ॲस्क्विथ १८५२ साली यॉर्कशायरमधल्या एका लोकर-व्यापाऱ्याच्या घरी जन्मले. ऑक्सफर्डला नाव काढून १८७६ साली ते बॅरिस्टर झाले आणि १८८६ साली लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात आले. आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांच्यावरील आरोपांच्या चौकशीत त्यांनी 'टाइम्स'च्या व्यवस्थापकाची अशी उलटतपासणी घेतली की त्यांची कीर्ती एका दिवसात लंडनभर झाली. १८९२ ते १८९५ ते गृहमंत्री होते. सरकार पडल्यावर पुन्हा वकिलीचा झगा चढवून ते कोर्टात उभे राहिले. मंत्रिपद भूषवलेल्या माणसाने असे करण्याचा तोवर रिवाज नव्हता. पण संसार मोठा होता आणि वकिलीत पैसा होता.

याच काळात पुण्याहून एक खटला त्यांच्याकडे आला. प्लेगच्या निमित्ताने रँडच्या सोजिरांनी पुणेकरांच्या देवघरापर्यंत घातलेला धुडगूस आणि चापेकरबंधूंनी केलेला रँडचा वध वाचकांना ठाऊक आहेच. त्या वधाच्या आठवडाभर आधी, १५ जून १८९७ च्या केसरीत, शिवाजी महाराजांच्या उद्गारांची एक कविता आणि शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तांत छापून आला होता. त्यावरून टिळकांना अटक झाली. मराठीचा गंध नसलेल्या सहा युरोपीय ज्यूरर्सनी त्यांना दोषी ठरवले. तिघा हिंदी ज्यूरर्सनी निर्दोष म्हटले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावताना सांगितले होते की, सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! १४ सप्टेंबर १८९७ रोजी दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी स्ट्रॅचीसाहेब अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले.

टिळकांच्या बचावासाठी वर्गणी केवळ महाराष्ट्रात जमली नाही. बंगालनेही हात पुढे केला. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यासाठी खटपट केली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १९ नोव्हेंबर १८९७ रोजी टिळकांच्या वतीने अपिलाची परवानगी मागण्यास उभे राहिले ते माजी गृहमंत्री ॲस्क्विथ. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलमाचा चुकीचा अर्थ सांगितला, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. प्रीतीचा अभाव हाच गुन्हा ठरला तर सरकारच्या कोणत्याही कृत्यावर टीका करणे अशक्य होईल, हे ओळखायला मोठा कायदेपंडित लागत नाही. आणि ॲस्क्विथ तर मोठे कायदेपंडित होते. न्यायपीठावर बसले होते लॉर्ड चॅन्सेलर हॉल्सबरी, म्हणजे ज्या मंत्रिमंडळाचा भारतमंत्री या खटल्याचा पाठीराखा, त्याच मंत्रिमंडळातले एक मंत्री. अर्ज फेटाळला गेला. 'स्वतंत्र न्यायव्यवस्थे'चे गोडवे गाणाऱ्यांनी ही बैठकव्यवस्था जरूर लक्षात ठेवावी. १८९८ साली कलम १२४-अ दुरुस्त झाले आणि स्ट्रॅचींनी ओढूनताणून लावलेला अर्थ जवळजवळ तसाच कायद्यात शिरला.

अकरा वर्षे गेली. प्रिव्ही कौन्सिलचे ते दालन डाउनिंग स्ट्रीटवरच होते. एप्रिल १९०८ मध्ये त्याच रस्त्यावरच्या दहा क्रमांकाच्या घरात ॲस्क्विथ पंतप्रधान म्हणून राहायला आले. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन अग्रलेखांसाठी २४ जूनला टिळकांना पुन्हा पकडण्यात आले. कलम तेच, १२४-अ. १८९७ साली वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देणारे दिनशा दावर या वेळी न्यायासनावर होते, आणि त्यांनी जामीन नाकारला. लोकमान्यांनी एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले आणि दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस हरताळ पाळला. दावर यांच्या नावाने महाराष्ट्राने बोटे मोडली, ते योग्यच. पण ज्याने अकरा वर्षांपूर्वी हे कलम टिळकांवर लावण्यातला अन्याय भर न्यायपीठापुढे उलगडून दाखवला होता, तो आता साम्राज्याचा सूत्रधार होता. त्याच्या एका शब्दाने सुटका झाली असती. भारतमंत्री मोर्ले हे मिलचे शिष्य आणि स्वातंत्र्याचे भाष्यकार. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराला खासगीत कळवले की मला विचारले असते तर मी टिळकांच्या वाटेला गेलो नसतो. नाराजी पत्रात राहिली, टिळक मंडालेत राहिले. दादासाहेब खापर्डे विलायतेला जाऊन धडपडले. अपिलाची परवानगी मिळाली नाही. १९१२ साली इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. जून १९१४ मध्ये लोकमान्य सुटले तेव्हा शिक्षा जवळजवळ पुरती भोगून झाली होती, आणि पंतप्रधान तेच होते.

यावर इंग्रजाचे एतद्देशीय वकील म्हणतील की, वकील अशिलाची बाजू मांडतो, ती त्याची श्रद्धा असतेच असे नाही. मान्य! ॲस्क्विथ यांनी टिळकांची बाजू मांडली ती धंदा म्हणून, हेच तर सांगायचे आहे. मग त्या भाषणात इंग्रजी उदारमतवादाचा आत्मा शोधू नये. आमच्या मवाळ पुढाऱ्यांची सारी भिस्त या एका समजुतीवर होती की, इंग्रजाला युक्तिवाद पटला की तो न्याय देतो. येथे तर युक्तिवाद पटवण्याचा प्रश्नच नव्हता. तो पंतप्रधानांनी स्वतःच केलेला होता.

कायद्याची सक्ती सर्वांना सारखी, हा दावाही तपासून पाहावा. टिळक मंडालेत गीतारहस्य लिहीत होते त्या वर्षांत एडवर्ड कार्सन नावाचे दुसरे एक बॅरिस्टर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात पार्लमेंटच्या नियोजित कायद्याविरुद्ध खासगी सेना उभारत होते. १९१३ साली ती उभी राहिली. एप्रिल १९१४ मध्ये जर्मनीतून आणलेल्या सुमारे २५,००० रायफली लार्न बंदरात राजरोस उतरवल्या गेल्या. ॲस्क्विथ पार्लमेंटात संतापाने बोलले. खटला एकावरही भरला नाही. उलट मे १९१५ मध्ये संयुक्त मंत्रिमंडळ बनवताना त्यांनी या कार्सनसाहेबांना ॲटर्नी जनरल केले. पुण्यात दोन अग्रलेख लिहिले तर सहा वर्षे, आणि अल्स्टरमध्ये बंदुका उतरवल्या तर साम्राज्याचे सर्वोच्च कायदेपद! १९१६ च्या मे महिन्यात आयर्लंडमधल्या बंडाबद्दल पंधरा जणांना लष्करी न्यायालयांच्या हुकुमाने गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हाही पंतप्रधान ॲस्क्विथच होते.

मदनलाल धिंग्रा १७ ऑगस्ट १९०९ रोजी लंडनमध्ये फासावर गेले तेही याच कारकिर्दीत. १३ मार्च १९१० रोजी लंडनला पकडलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांना मुंबईस पाठवून, ज्यूरी नाही आणि अपील नाही अशा खास न्यायालयापुढे उभे केले गेले व पन्नास वर्षांची शिक्षा झाली. त्या खास न्यायालयाचा कायदा १९०८ च्या डिसेंबरातला, म्हणजे याच उदारमतवादी राजवटीतला.

कलम १२४-अ स्वतंत्र भारतातही पुष्कळ वर्षे राहिले. नेहरूंनी १९५१ साली संसदेत त्याची निंदा केली आणि ते तसेच ठेवले. त्यांच्या कन्येच्या राजवटीत १९७३ च्या संहितेने त्याखाली वॉरंटाविना अटकेची मुभा पोलिसांना दिली. अखेर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 'राजद्रोह' हा शब्द गेला. कलम १५२ देशाचे सार्वभौमत्व व अखंडता धोक्यात आणणाऱ्यासाठी आहे. ते हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी देश आणि सरकार यांतला फरक न विसरणे अगत्याचे. स्ट्रॅची तोच विसरले होते.

लोकमान्यांना अशा वकिलाची गाठ आणखी एकदा पडायची होती. व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी लंडनला भरलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ साली चालला. चिरोलच्या बाजूने उभे राहिले तेच बंदुकवाले कार्सन. टिळकांच्या बाजूने होते सर जॉन सायमन, ॲस्क्विथ यांच्याच सरकारातले माजी ॲटर्नी जनरल आणि गृहमंत्री. दावा फसला, खर्चाचा डोंगर लोकमान्यांच्या डोक्यावर बसला. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले. हेच सायमन ३ फेब्रुवारी १९२८ रोजी, एकही हिंदी सभासद नसलेले कमिशन घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला काळी निशाणे होती. त्यानंतर बाराव्या दिवशी तिकडे इंग्लंडात ॲस्क्विथ वारले. तीन वर्षांपूर्वीच त्यांना अर्ल ही पदवी मिळाली होती.