नियम लिहिणाऱ्याचा मान

सारंगखेडा, प्रकाशा करत तापी गुजरातेत शिरते, उकाईत अडते आणि तिचेच पाणी पुढे काक्रापारच्या अणुभट्ट्या गार ठेवायला लागते. नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली की नवापूर, सोनगड, मग व्यारा. तिथून हे वीजकेंद्र जवळच. त्याची काही वीज महाराष्ट्रालाही मिळते. इतक्या शेजारी असूनही आपल्याकडे त्याचे नाव निघते ते काही बिघडले तरच. ज्यांनी बिघाड आवरण्याचे नियम बसवले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांतले एक नाव मराठी आहे, म्हणून हे स्फुट.

डॉ. सुहास पांडुरंग सुखात्मे. यंत्र अभियंते, मुंबईच्या आयआयटीत उष्णता-संक्रमण शिकवणारे प्राध्यापक, 1995 ते 2000 तिथले संचालक. त्यांचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक देशभरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी वापरले. 2000 ते 2005 या काळात ते अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. उष्णतेचा प्राध्यापक या खुर्चीवर का शोभतो, ते चूल पेटवणाऱ्या कुणालाही कळेल. लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात. अणुभट्टीचेही तसेच. ती बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. काक्रापारच्या 700 मेगावॅट वीज देणाऱ्या नव्या भट्टीत मूळ उष्णता विजेहून बरीच जास्त असते, म्हणून ही उरलेली उष्णताही शंभर मेगावॅटच्या वर जाते. 2011 मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद पडल्या होत्या. घात झाला तो त्यानंतर, ही उरलेली उष्णता काढून नेणारे पंप त्सुनामीने निकामी केले तेव्हा. अणुसुरक्षेचे कितीतरी नियम या निखाऱ्यांसाठीच लिहिलेले असतात.

सुखात्मे अध्यक्ष असताना, 26 डिसेंबर 2004 ला, त्सुनामीमुळे कल्पाक्कमच्या अणुवीजकेंद्राच्या पंपघरात समुद्र शिरला. चालू असलेली भट्टी सुखरूप बंद झाली, थंडही राहिली, आणि मंडळाने तपासून परवानगी दिल्यावरच पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी तिथल्या किनाऱ्यावर माणसे गेली, घरे गेली. त्यात किरणोत्साराची भर पडली नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

या माणसाचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. देशाची विजेची गरज सूर्य, वारा, पाणी यांवर भागवता येईल, असा हिशेब त्यांनी 2011 मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी आकडे पुन्हा तपासले आणि तेवढ्याने भागणार नाही, असे स्वतःच छापून सांगितले. नियामकाच्या खुर्चीवर अशीच माणसे बसावीत.

काक्रापारला 1994 च्या जूनमध्ये अतिवृष्टीने टर्बाइनच्या इमारतीत पाणी घुसले. 11 मार्च 2016 ला तिथल्या पहिल्या भट्टीची शीतक-नळी फुटली, भट्टी आपोआप बंद झाली. दोन्ही वेळा निभावले. निभावले म्हणून विसरायचे नसते. प्रत्येक घटनेनंतर नियमाची एखादी ओळ वाढते, आणि ती ओळ लिहायला कुणीतरी रात्र रात्र बसलेले असते.

अणुऊर्जा नियामक मंडळाचेच नियम नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या एक्स-रे खोलीतही लागू आहेत. दारावर किरणोत्साराचे तीन पात्यांचे चिन्ह, शिशाचा एप्रन, तंत्रज्ञाच्या छातीवरचा छोटा बॅज. तो बॅज दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाने किती किरणे झेलली ते मोजले जाते. वर्षाला 30 मिलिसिव्हर्ट ही आपली कमाल मर्यादा. आंतरराष्ट्रीय शिफारस 50 ची आहे. आपल्याकडच्या लोकांनी ती मुद्दाम आवळली. पण 2012 मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवले की देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त 5,270 नोंदणीकृत होती. नियम कागदावर इतका कडक आणि दारात इतका ढिला, याची चीड यायला हवी.

सुखात्म्यांना 2001 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याला त्यांचा मान राखायचा असेल तर सत्कार-समारंभाची गरज नाही. जिल्हा प्रशासनाने प्रत्येक एक्स-रे केंद्राचा परवाना दर्शनी भिंतीवर, मराठीत, लावायला सांगावा. अक्कलकुव्याहून पाय मोडलेल्या पोराला घेऊन आलेल्या आईला तो वाचता आला पाहिजे, आणि एप्रन खुंटीला तसाच टांगलेला दिसला तर तो मागताही आला पाहिजे.