फरारी माणसाचा कलप

पळून जाणाऱ्या माणसाची गोष्ट असली की एक प्रसंग हमखास येतो: बाथरूमचं दार बंद, समोर आरसा आणि बेसिनच्या काठावर कलप. हा प्रसंग घासून गुळगुळीत झालाय असं म्हणतात; मला ते पटत नाही. १९९३च्या ‘द फ्युजिटिव्ह’ चित्रपटात निरपराध डॉक्टर किंबल दाढी उतरवून केस काळे करतो. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’ कादंबरीतली एमी सोनेरी केस कापून त्यांना मळकट तपकिरी रंग देते. पण २००२च्या ‘द बॉर्न आयडेंटिटी’ चित्रपटातला प्रसंग सगळ्यांत सुंदर. पॅरिसमधल्या हॉटेलात जेसन बॉर्न सोबत पळणाऱ्या मारीचे केस स्वतःच्या हातांनी रंगवतो, मग कात्रीने आखूड करतो. ज्याला स्वतःचीच ओळख आठवत नाही, तो दुसऱ्याला नवी ओळख देत असतो, आणि ओल्या केसांतून फिरणाऱ्या त्या बोटांनीच दोघांमधलं अंतर मिटतं. मात्र लेखक पुढचं विसरतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कलप बसतो तो बाहेर आलेल्या केसावर. मुळातून उगवणारा केस जुनाच रंग घेऊन येतो. तीन-चार आठवड्यांत भांगातली रेघ चुगली करते. फरारी माणसाची खरी भीती त्या रेघेत असते. म्हणून लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पात्राला कलप लावलात, तर महिन्याभरानंतरचा त्याचा भांगही आम्हाला दाखवा.