श्वास धुणारे हात



दसरा-दिवाळी आली की आमच्या दिंद्रुडची कितीतरी माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. माझा भाचा त्याच सुमारास मालवणला जातो. पावसाळ्यात समुद्र खवळला की तिकडचे काम बंद पडते आणि तो घरी येतो.

मागच्या पावसाळ्यात ओट्यावर बसलेल्या शेजारच्या काकांनी त्याला विचारले, "काय रं, तिकडं काम तरी काय करतूस?"

"सामान धुतो काका. धुतो अन् वाळवतो."

सगळे हसले. "म्हंजी एवढ्या लांब जाऊन धुणंच का?"

पोरगा काही बोलला नाही, पण मला ते लागले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्याला म्हटले, "मला नीट सांग. काय धुतोस अन् कसं धुतोस?" त्याने जे सांगितले तेच आज लिहिते आहे.

मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवतात. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी असते. पुष्कळांना वाटते की टाकीत नुसता ऑक्सिजन असतो. तसे नाही. आपण घेतो तीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते. मोटारसायकलच्या चाकात दोन बारच्या आसपास दाब असतो, तर भरलेल्या टाकीत सुमारे 200 बार! एवढा दाब थेट तोंडात आला तर माणूस जगेल का? म्हणून मध्ये रेग्युलेटर नावाचे यंत्र असते. ते दाब कमी करून घोटाघोटाने श्वास देते.

आता यात धुण्याचे काय? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. पाणी वाळते, मीठ मागे राहते. त्याचे कडक खडे होतात, झडपा अडकतात, धातू गंजतो, रबर खराब होते. म्हणून पहिला नियम असा, की सामान वाळण्याच्या आत गोड्या पाण्यात बुडवायचे. एकदा मीठ धरले की नुसते पाणी ओतून निघत नाही, बराच वेळ भिजत ठेवावे लागते.

सगळ्यात जपायचा तो रेग्युलेटर. टाकीपासून सोडवला की त्याच्या तोंडाचे छोटे टोपण आधी कोरडे करायचे, घट्ट बसवायचे आणि मगच तो पाण्यात घालायचा. पाण्यात असताना त्याचे मधले बटण दाबायचे नाही. दाबले तर झडप उघडते आणि पाणी नळीवाटे आतल्या यंत्रात शिरते. भाचा म्हणाला, "आत्या, पहिल्याच आठवड्यात मी टोपण बसवायचं इसरलो. पाणी आत गेलं. आमच्या वस्तादानं ते बाजूला काढलं, दुरुस्तीला धाडलं, अन् मला म्हणला, पोरा, हे कुणाच्या तरी तोंडात जाणार हाय."

अंगावरचे जॅकेट फुगते, त्याच्यावर पाण्यात वर-खाली होता येते. ते बाहेरून धुवून भागत नाही. आत गोडे पाणी ओतायचे, थोडी हवा भरून खळखळवायचे, उलटे करून सगळे पाणी काढायचे. मग थोडे फुगवूनच वाळत ठेवायचे, म्हणजे आतून चिकटत नाही. रबरी पोशाख आधी उलटा करून वाळवायचा, मग सुलटा. जाड हँगरवर, सावलीत, वाऱ्यावर. उन्हात टाकला तर लवकर वाळतो खरा, पण ऊन रबराला खाते. पायातले फिन्स आडवे ठेवायचे, टोकावर उभे केले तर वाकडे होतात. टाकी बाहेरून धुवायची, पण पूर्ण रिकामी करायची नाही. आत थोडा दाब ठेवला म्हणजे ओल शिरत नाही.

तोंडात धरायचा रबरी भाग दिवसभरात कितीतरी माणसांच्या तोंडात जातो. तो जंतुनाशकात ठेवून पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवावा लागतो. त्याची बादली वेगळी, बूट-पोशाखाची वेगळी. पाणीही वारंवार बदलावे लागते, नाहीतर गोडे पाणीच खारट होऊन बसते. आणि कितीही धुतले तरी ठराविक मुदतीने जाणकार कारागिराकडून यंत्र उघडून तपासून घ्यावेच लागते.

हे सगळे समुद्रापुरतेच आहे असे समजू नका. आपल्या तालुक्यातले माजलगाव धरण आठवा. सप्टेंबर 2022 मध्ये तिथे एक डॉक्टर बुडाले आणि त्यांना शोधायला आलेल्या कोल्हापूरच्या पथकातल्या एका जवानालाही जीव गमवावा लागला. त्यात सामानाचा दोष होता असे माझे म्हणणे नाही. पण पाण्याखाली उतरणारा माणूस किती गोष्टींच्या भरवशावर उतरतो, हे त्या दिवसांत आपण सगळ्यांनी पाहिले. धरणाच्या पाण्यात मीठ नसले तरी गाळ असतो. झडपेत अडकलेला गाळाचा कणही घात करू शकतो. त्या कामाचे सामानही धुवावेच लागते.

आपल्या घरातही हाच नियम चालतो. कुकरची रबरी रिंग प्रत्येक वेळी काढून धुवा, सावलीत वाळवा, ताणून ठेवू नका. रेनकोट ओला घडी करू नका. फवारणीचा पंप काम संपताच दोन-तीन पाण्यांनी धुवा, पण ते पाणी विहिरीत, ओढ्यात जाऊ देऊ नका.

ज्यांची मुले अशा कामाला जातात त्यांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. पगार किती आणि कोणत्या तारखेला? राहायची सोय कुठे? दिवसभर खाऱ्या पाण्यात हात, तर हातमोजे देणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे, धुण्यापुढचे काही शिकवणार का? तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. पोहायला येणाऱ्या, अंगाने धडधाकट मुलाने तिथे चौकशी करावी. शिकल्याशिवाय मात्र कुणाच्या सांगण्यावरून टाकी पाठीला लावून पाण्यात उतरू नये.

भाचा निघाला तेव्हा काका पुन्हा ओट्यावर होते. मी म्हटले, "काका, ह्यानं एक टोपण नीट लावलं नाही तर खाली माणूस गुदमरंल. असलं धुणं हाय त्याचं."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टोपण ध्यानानं लाव रं बाबा." आणि त्याची पिशवी उचलून एसटीपर्यंत सोबत आले.