किडा नाही हो, कोळी आहे तो!

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांमधे एकच रडगाणं सुरू होतं. गुलाबाची पानं फिकट पडली, त्यावर बारीक ठिपके आले, पानाखाली जाळी धरली. नर्सरीवाला पान हातातही न घेता एक बाटली पुढे करतो, "हे कीटकनाशक मारा." आपण निमूट पैसे मोजतो. माझं भांडण आहे ते ह्या बाटलीशी.

मुळात लाल कोळी हा कीटकच नाही! कीटकाला सहा पाय, पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ. तो गोचिडाच्या भावकीतला. त्यामुळे बऱ्याच कीटकनाशकांनी त्याचं फारसं बिघडत नाही. मरतात ते त्याला खाणारे चिमुकले ढालकिडे आणि इतर मित्रकीटक. म्हणजे चोर मोकळा आणि पोलिस गारद. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एल्मच्या झाडांना भुंग्यासाठी इमिडाक्लोप्रिड दिलं, तर त्यांच्यावर कोळी उलट फोफावला. २०११ साली त्यावर शोधनिबंधही आला. आणि हेच औषध आपल्याकडे कुंडीतल्या झाडांना सर्रास सुचवलं जातं. बग कुठला ते न बघता पॅच टाकणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही :)

आधी खात्री करा. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. ठिपके चालायला लागले की समजा, तोच.

आता स्वस्त उपाय. पहिला फुकट, म्हणजे पाणी. पानांच्या खालच्या बाजूला जोरात फवारा मारा. पाण्याची टंचाई असेल तर लहान झाडाची कुंडी आडवी धरून शेंडे बादलीत बुडवून हलवा, तेच पाणी मग दुसऱ्या कुंडीला घाला. दुसरा उपाय नीम तेल. लिटरभर पाण्यात साधारण ५ मिली तेल, ते मिसळायला थोडा सौम्य द्रवसाबण. आधी एका पानावर मारून दिवसभर बघा, मग संध्याकाळी सगळीकडे फवारा. कपडे धुवायची पावडर मात्र नको, पानं करपतात.

"पाण्यानं काय होतंय? केलं होतं एकदा," असं म्हणणारे भेटतात. अहो, एकदा करून कसं चालेल? अंडी पानाला चिकटून राहतात, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून नवी पिढी जेमतेम आठवड्यात तयार होते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान तीन आठवडे. कंटाळवाणं आहे, मान्य. बाटली विकली जाते ती ह्या कंटाळ्याच्याच जिवावर.

आणखी एक. तंबाखूचं पाणी "घरगुती" म्हणून खपवतात. निकोटिन हे विष आहे हो! ज्या गॅलरीत पोरं खेळतात, जिथली मिरची आपण जेवणात घालतो, तिथे ते कशाला?

एवढं करूनही हटत नसेल तर लेबलवर कोळीनाशक लिहिलेलंच घ्या. पाण्यात मिसळायचं गंधक त्यातल्या त्यात स्वस्त. पण कडक उन्हात ते मारू नका, आणि नीम तेल मारल्यावर मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

बाकी पुढच्या वेळी नर्सरीवाल्यानं बाटली काढली की एवढंच विचारा, "दादा, ह्याला पाय किती?"