वेष्टनावरील एक शब्द

त्वचेच्या मलमात अल्कोहोल असल्यास ते लावून केलेली नमाज ग्राह्य ठरते काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. श्रद्धावंताला तो तसा नाही. कारण नमाजेसाठी शरीर व वस्त्र यांची शुद्धता आवश्यक मानलेली आहे. कुराणाच्या पाचव्या अध्यायातील ९० वी आयत मद्याला अमंगळ ठरविते. ही अमंगळता केवळ नैतिक की स्पर्शाचीही, हा वादाचा विषय. बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांनी ती स्पर्शाचीही मानली; इमाम अबू हनीफा यांनी मात्र द्राक्षरसाची मदिरा व इतर पदार्थांची पेये यांत भेद केला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ साली मद्योद्योगाबाहेर निर्माण झालेले अल्कोहोल अशुद्ध नसल्याचा निर्णय दिला. शिवाय सीटिल अल्कोहोल हा तर मेणासारखा घट्ट पदार्थ. नावापलीकडे त्याचा मद्याशी संबंध नाही.

तेव्हा एका शब्दाने दचकणे जितके घाईचे, तितकेच शंका घेणाऱ्याची थट्टा करणे असभ्यपणाचे. निर्णय ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावा. परंतु अल्कोहोल कोणते व कशापासून काढलेले, हे वेष्टनावर स्पष्ट छापणे उत्पादकाचे कर्तव्य होय. माहितीवाचून विवेक पांगळाच राहणार!