घराणे कोणते?

लग्नाची बोलणी सुरू झाली, की आपल्याकडे पोह्यांच्या बशीमागोमाग एक प्रश्न हमखास येतो : "घराणे कोणते?" माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने लॉस एंजेलिसला एका मेक्सिकन वंशाच्या मुलाशी लग्न ठरवले, तेव्हा तिच्या वडिलांनी कऱ्हाडहून फोनवर तो विचारलाच. मुलाच्या आईचे उत्तर आले, "आम्ही मूळचे स्पेनचे. शुद्ध स्पॅनिश रक्त." वडिलांचा जीव भांड्यात पडला. स्पेन कुठे आहे हे त्यांना नीटसे ठाऊक नव्हते; पण 'शुद्ध' हा शब्द मात्र चांगलाच ओळखीचा होता!

यंदाच्या उन्हाळ्यात त्या मुलीचे मला पत्र आले. "बाई, लेकीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचाय. माहेरचा बाबांनी दहा मिनिटांत सांगितला. सासरचा शोधायला बसले, ती तीन महिने उठलेच नाही."

आणि खरेच, तो शोध आहेच तसा. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने दंडक घातला, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवावी. आपल्या गोव्यातल्या चर्चच्या वह्या त्याच दंडकाच्या. स्पॅनिश पाद्र्यांनी तो मेक्सिकोत नेला. सरकारी नोंदणी तिथे बेनितो हुआरेसच्या १८५९ च्या कायद्याने आली. त्याआधीचे सारे चर्चच्या वह्यांत. विसाव्या शतकात युटामधल्या एका वंशावळी-संस्थेने त्या वह्यांची छायाचित्रे घेतली आणि आज त्यांतली पुष्कळशी घरबसल्या, फुकट पाहता येतात. लग्नाच्या नोंदीत बहुधा वधूवरांच्या आईबापांची नावे असतात. ती घेऊन त्यांच्या लग्नाची नोंद शोधायची, तीतून आणखी मागची. विहिरीच्या पायऱ्या उतरत जावे तसे.

मौज म्हणजे, तिथे बाईचे आडनाव लग्नानंतरही बदलत नाही. त्यामुळे आज्या, पणज्या हरवत नाहीत. हे वाचून मी आमच्या घरची वंशावळ काढून पाहिली. नऊ पिढ्या, आणि बाई एकही नाही. जणू आमचे पूर्वज एकमेकांनाच झाले!

तिच्या सासरचे मूळ हालिस्को प्रांतातल्या लॉस आल्तोस पठारावरचे. स्पॅनिश वंशाचा अभिमान बाळगणारा हा मुलूख. तिथल्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका नोंदीत तिला बाळाच्या आईचे नाव मिळाले आणि नावापुढे शब्द : 'मुलाता'. स्पॅनिश आणि आफ्रिकी रक्ताच्या संततीला तो लावीत. गुलाम म्हणून मेक्सिकोत आणलेल्या आफ्रिकी माणसांचा वारसा तो. स्पॅनिशांची वही वेगळी, बाकीच्यांची वेगळी, अशीही तिथे पुष्कळ चर्चमधून रीत होती. पण पुढे सहा वर्षांनी त्याच बाईचे दुसरे मूल थेट स्पॅनिशांच्या वहीत, आणि आई 'एस्पान्योला'! बाई तीच, नवरा तोच. बदलला असेल तो पाद्री. नाहीतर नवऱ्याची गुरे वाढली असतील.

तशी ही विचारपूस स्पेनच्या किनाऱ्यावरच सुरू होई. मेक्सिकोला जायचा परवाना सेव्हिलच्या कचेरीतून काढावा लागे, आणि त्यासाठी आपल्या पूर्वजांत कोणी ज्यू वा मूर नाही, अशी साक्ष द्यावी लागे. ते कागद सेव्हिलला, १७८५ साली स्थापलेल्या 'आर्चिवो दे इंडियास' या दप्तरखान्यात आहेत. म्हणजे 'घराणे कोणते?' हे जहाजावर चढतानाच विचारीत. खोटे सांगून चढणारे तेव्हाही होतेच.

१८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला. १७ सप्टेंबर १८२२ रोजी हुकूम निघाला, की नोंदींत नागरिकांच्या वंशाचा उल्लेख करू नये. त्यानंतरच्या वह्यांत नावापुढचा तो शब्द हळूहळू नाहीसा होतो. शोध घेणाऱ्याचा एक धागा तुटतो. पण त्याचे दुःख कोणी करावे?

"बाई, सासूबाईंना सांगू का?" हा पत्रातला शेवटचा प्रश्न.

चार दिवस मला उत्तर सुचेना. म्हाताऱ्या बाईचा अभिमान कशाला दुखवावा, असेच आधी वाटले. मग आमची आत्या आठवली. तिने परजातीत लग्न केले, त्या दिवशी आजोबांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. तिचे नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. फोटोमागची भिंतीची चौकट मात्र कितीतरी वर्षे पांढरी दिसे.

मी लिहिले, "अगं, सांग. पण आधी तिची जात सांगू नकोस, नाव सांग."

दसऱ्याच्या आधी उत्तर आले. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारले, "मुले किती तिला?" सात, त्यांतली चार लहानपणीच गेली, दफनाच्या वहीत सापडली. "सातही लिही," एवढेच त्या म्हणाल्या. कऱ्हाडच्या वडिलांनाही मुलीने सारे सांगितले. ते म्हणाले, "बरं. विहीणबाईंची तब्येत ठीक ना?"

मीही आमच्या वंशावळीत आत्याचे नाव शाईने लिहिले. मग एकेक बाई आठवून लिहीत गेले, ती पणजीपाशी अडले. तिचे माहेर कोणते, हे बाबांनाही ठाऊक नाही. "ताईला ठाऊक असेल," ते पुटपुटले. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला.

भाऊबीजेला त्यांना घेऊन आत्याकडे जाणार आहे.